वणव्यानंतरची मदत : घाई कशाची, सबुरी कशाची

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वणव्याची बातमी आली की दोन-तीन दिवसांत मदतीची आवाहने छापून येतात आणि त्यांतली यादी बहुधा ठरलेली असते : कपडे, ब्लँकेट, भांडी, कोरडा शिधा. लोक मनापासून देतात. तीन आठवड्यांत ओघ आटतो आणि जळलेल्या वस्तीचे खरे काम नेमके तेव्हा सुरू होते. पुरात घर भिजते, भूकंपात पडते. वणव्यात त्याची राख होते, ती राख विषारी असते, नळाचे पाणी वापरण्याजोगे राहत नाही आणि वरचा डोंगर पहिल्या जोरदार पावसात खाली येऊ शकतो. पूर-भूकंपाच्या सवयीने केलेली मदत म्हणून इथे चुकते, काही वेळा नडतेही. केव्हा काय द्यावे आणि कशाला हात लावू नये, हे सांगण्यासाठी हे पत्र. ते लांबले आहे. कात्री लावावीच लागली तर शेवटाकडे लावा, राख, पाणी आणि उतार यांना नको.

आधी कपड्यांचा विषय संपवतो. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात ७ फेब्रुवारी २००९ रोजी भडकलेल्या वणव्यांत १७३ माणसे गेली. त्यानंतर देशभरातून वस्तूंचे ४०,००० हून अधिक पॅलेट तिथे येऊन पडले. पॅलेट म्हणजे फोर्कलिफ्टने उचलायचा, फळ्यांवर रचलेला अख्खा ढीग; एखादे खोके नव्हे. ते ठेवायला ५०,००० चौरस मीटरहून जास्त जागा लागली, तीन मध्यवर्ती कोठारे चालवावी लागली आणि हा सगळा माल सांभाळण्याचा खर्च ८० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरच्या पुढे गेला. फुकट आलेली वस्तू फुकट पडत नाही ती अशी. प्रत्येक गाठोडे कोणीतरी सोडायचे, मापे बघायची, मळके-फाटके वेगळे काढायचे, आणि ज्याच्याकडे कपाटच उरलेले नाही त्याला पाच चादरी द्यायच्या. ज्या हातांनी कुटुंबांची नोंद करायची, ते हात गाठोड्यांत अडकतात.

त्यापेक्षा रोख रक्कम द्यावी. हवाई बेटांतल्या लहायना गावात ८ ऑगस्ट २०२३ च्या आगीत शंभराहून अधिक माणसे गेली. त्यानंतर एका निधीने घर गमावलेल्या प्रत्येक प्रौढ व्यक्तीला सहा महिने, दरमहा १,२०० डॉलर थेट दिले. लाभार्थी आठ हजारांवर होते. यातल्या दोन गोष्टी मुद्दाम पाहण्याजोग्या. एक, रक्कम कुटुंबागणिक नव्हती, माणसागणिक होती. त्यामुळे एका छपराखाली राहणारी तीन बिऱ्हाडे असली की पैसे कोणाच्या खात्यावर, हा वाद उरला नाही. दुसरी, ती एकरकमी नव्हती. पहिल्या आठवड्यात हातात आलेला मोठा पैसा गाडीभाडे आणि लॉज यांत जातो. चौथ्या महिन्यात भाडे भरायला तो उरलेला नसतो. निधीला पैसे देण्याआधी तीन प्रश्न विचारावेत : भाडेकरू धरले आहेत का, कागदपत्रे जळालेल्या माणसाची ओळख कशी पटवणार, आणि हिशेब केव्हा जाहीर होणार. पहिल्याचे उत्तर गुळमुळीत आले तर दुसरा निधी शोधावा. घरमालकाच्या नावावर जळालेल्या घराची मदत निघते आणि त्याच घरात दहा वर्षे राहिलेला भाडेकरू यादीतून गळतो, हे वारंवार घडते.

वस्तूच द्यायची असेल तर नवी, एका खोक्यात एकच प्रकार, बाहेर माप आणि नग लिहिलेले, आणि ती उतरवून घेऊ असे तिथल्या कोणीतरी लेखी कळवल्यावरच. खरी टंचाई असते ती कोणाच्या ध्यानात न येणाऱ्या वस्तूंची : एन-९५ मास्क, जाड हातमोजे, जाड तळव्याचे बूट, चाळण्या, मोबाइलचे चार्जर, वाचायचे चष्मे, श्रवणयंत्राच्या बॅटऱ्या.

आता राख. चुलीतल्या राखेसारखी ही नव्हे. घरासोबत रंग, वायरी, फ्रिज, फोमच्या गाद्या, कीटकनाशकांचे डबे, गॅरेजमधली गाडी, सगळे जळते. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांतून ॲस्बेस्टॉसचे तंतू सुटतात, जुन्या रंगातून शिसे. वाळवी आणि बुरशी लागू नये म्हणून तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचे द्रावण मुरवलेले लाकूड जळले की आर्सेनिक राखेत साठते. डेक (घराबाहेरचा लाकडी ओटा), कुंपणाचे खांब, बागेतले बाक यांच्यासाठी असे लाकूड पुष्कळ वापरले गेले आहे. त्या जागी कधी हिरवट छटेची राख दिसते, कधी काहीच वेगळे दिसत नाही. लहान मुलाच्या किंवा गुराच्या तोंडात ती थोडी गेली तरी विषबाधा होऊ शकते. शिवाय राख अल्कधर्मी असते. घामाने ओल्या झालेल्या कातडीवर तासभर राहिली तर चुरचुरते, जखमही होते.

म्हणून ढिगारा उपसण्याच्या श्रमदानाला माझा विरोध आहे. स्वयंसेवकांचा उत्साह खरा असतो, पण हे काम दोन टप्प्यांत, प्रशिक्षित माणसांनी करायचे असते. पहिल्या टप्प्यात बॅटऱ्या, गॅसच्या टाक्या, रंग-रसायनांचे डबे आणि उघड दिसणारे ॲस्बेस्टॉस वेचून काढतात. विजेच्या गाड्यांच्या आणि सौर यंत्रणेच्या लिथियम बॅटऱ्या वरून विझलेल्या दिसल्या तरी आत ऊर्जा शिल्लक असते. हलवताना दिवसांनी, कधी आठवड्यांनीही त्या पुन्हा पेट घेतात. दुसऱ्या टप्प्यात ढिगारा ओला ठेवून, झाकलेल्या ट्रकांतून नेतात आणि खालच्या मातीचा थर खरवडतात. कॅलिफोर्नियातल्या पॅराडाइज गावाच्या परिसरात नोव्हेंबर २०१८ च्या ‘कॅम्प फायर’ नावाच्या वणव्यानंतर असा ३६ लाख टनांवर ढिगारा हलवावा लागला. हे फावड्या-घमेल्याचे काम नव्हे. आणखी एक अडचण : सरकारी सफाई योजनेत नाव असताना कोणी परस्पर ढिगारा हलवला, तर काही ठिकाणी ते घर योजनेतून बाद होते. मदत करायला गेलेल्यांमुळे घरमालकाला भुर्दंड.

स्वयंसेवकांनी पैसा आणि वेळ लावावा अशी जागा इथे वेगळीच आहे, ती म्हणजे माती तपासणी. कॅलिफोर्नियात आधीच्या मोठ्या वणव्यांनंतर थर खरवडला की खालची माती प्रयोगशाळेत तपासून घेत. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या आगींनंतर संघराज्याच्या यंत्रणेने सुमारे १५ सेंटिमीटर माती काढली आणि पुढची तपासणी केली नाही. त्यावर तिथे मोठा वाद झाला. असे कुठेही झाले तर शिसे आणि आर्सेनिक यांच्या चाचणीचा खर्च उचलणे ही ब्लँकेटपेक्षा कितीतरी मोलाची देणगी आहे. नमुना घेताना अंगणाच्या पाच जागांची वरची सात-आठ सेंटिमीटर माती स्वच्छ बादलीत एकत्र कालवून त्यातली पिशवीभर पाठवायची. मुले खेळतात ती जागा आणि भाजीचा वाफा यांचे नमुने वेगळे. सगळे एकात मिसळले की नेमका वाईट कोपरा सरासरीत लपतो.

तरीही लोक आपल्या राखेत हात घालणारच. आईची अंगठी, लग्नातले ताट, काहीतरी हवे असते, आणि ते शोधायला मदत करणे ही फार मोठी मदत आहे. फक्त ती पद्धतशीर हवी. परवानगी मिळाल्यावरच आत जावे. चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ मास्क (दाढीवर तो बसत नाही, कडेने हवा शिरते), चष्म्याभोवती बंद गॉगल, पूर्ण बाह्या, चामड्याच्या हातमोज्यांच्या आत रबरी हातमोजे, आणि खिळा आरपार जाणार नाही असे बूट. आधी कागदावर घराचा नकाशा काढून घ्या : उंबऱ्यापासून किती पावलांवर जिना, किती पावलांवर कपाट. जळताना वरचा मजला खालच्यावर बसतो, त्यामुळे वरच्या खोलीतला दागिना खालच्या खोलीच्या जागी, पण बहुधा गाद्यांच्या स्प्रिंगच्या थराखाली सापडतो. राखेवर पाण्याचा अगदी बारीक फवारा मारा. चिखल झाला की चाळणी तुंबते. सहा मिलिमीटर छिद्रांची जाळी लाकडी चौकटीवर ठोकली की पुरते. मोठे तुकडे हाताने उचला, उरलेले चाळा. ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळते, म्हणून खिडक्यांच्या चौकटींची चांदीसारखी थारोळी दिसतील. शुद्ध सोने १,०६४ अंशांपर्यंत टिकते आणि भट्टीत भाजलेली चिनी मातीची भांडी अनेकदा शाबूत निघतात, फक्त त्यांना हात लावताच तडकू शकतात. लोखंडी तिजोरी सापडली तर ती लगेच उघडू नका. आत तापलेल्या कागदांना ताजी हवा मिळाली की ते डोळ्यांदेखत पेटतात. ती पूर्ण थंड होऊ द्या.

परतताना बूट आणि वरचे कपडे तिथेच पिशवीत. गाडीत आणि घरात तीच धूळ नेली तर मास्क कशासाठी घातला? वाचलेल्या घराच्या ओसरीवरची राखही कोरडी झाडू नये, ब्लोअरने तर मुळीच उडवू नये. साधा व्हॅक्यूम क्लीनर बारीक कण मागच्या बाजूने पुन्हा हवेत सोडतो. हेपा फिल्टर (अतिबारीक कण अडवणारी गाळणी) असलेला घ्यावा किंवा ओल्या फडक्याने पुसावे, आणि ते पाणी रस्त्याच्या गटारात ओतू नये. ते थेट ओढ्यात जाते.

नळाचे पाणी हा धोका अनेकांना माहीतच नसतो. वणव्यात शेकडो घरे जळतात तेव्हा प्रत्येक घराची पाइपलाइन तुटून उघडी पडते, पाणी वाहून जाते, जाळ्यातला दाब कोसळतो, आणि उघड्या तोंडांतून धूर व जळक्या वस्तूंची वाफ आत ओढली जाते. प्लास्टिकचे पाइप तापूनही बेंझिन सोडतात. बेंझिन कर्करोगकारक आहे. कॅलिफोर्नियात २०१७ च्या टब्स फायरनंतर सांता रोझा शहराच्या एका भागात पाण्याच्या एका नमुन्यात ते अब्जात ४०,००० भाग इतके सापडले. अमेरिकेची पिण्याच्या पाण्यासाठीची कमाल मर्यादा अब्जात ५ भाग आहे. पॅराडाइजमध्येही २,००० च्या वर आकडा गेला. वाईट भाग पुढेच आहे : बेंझिन प्लास्टिकच्या पाइपच्या भिंतीत मुरते आणि महिनोन्महिने थोडे थोडे सुटत राहते. आज नळ मोकळा सोडून नमुना घेतला तर पाणी स्वच्छ निघते, आणि तीन दिवस नळ बंद राहिला की त्याच पाइपमधले पाणी दूषित. म्हणून नमुना घेण्याआधी पाणी ७२ तास पाइपमध्ये साचू द्यायचे असते. वाहत्या पाण्याच्या नमुन्यावर «पाणी सुरक्षित» असा निरोप गेला की लोक परततात आणि फसतात.

पाणी उकळून प्या, हा आपल्या सगळ्यांच्या तोंडी बसलेला सल्ला इथे चुकीचा आहे. उकळल्याने जंतू मरतात. बेंझिन मात्र वाफेबरोबर स्वयंपाकघराच्या हवेत येते आणि आपण ते श्वासातून घेतो. गरम पाण्याच्या आंघोळीचेही तेच. घरगुती कार्बन फिल्टर इतक्या तीव्रतेसाठी बनवलेले नसतात. तपासणी पूर्ण होईपर्यंत पाणी बाहेरूनच आणावे लागते. पिणे, स्वयंपाक आणि किमान स्वच्छता मिळून माणशी दिवसाला १५ लिटर हा आपत्तीतल्या मदतीचा सर्वमान्य किमान आकडा. म्हणजे दोनशे माणसांच्या छावणीला रोज ३,००० लिटर. बाटल्या पाठवून हे भागत नाही आणि रिकाम्या बाटल्यांचा डोंगर होतो तो वेगळाच. पिण्यायोग्य पाण्यासाठीच्या टाक्या, त्या भरणारा टँकर आणि टँकरवाल्याचे तीन महिन्यांचे बिल, हे द्यावे. टँकरने आधी काय वाहिले होते हे विचारायला लाजू नये.

आता ज्या कामात सामान्य माणसाचे हात खरोखर उपयोगी पडतात ते : उतार. ४ डिसेंबर २०१७ रोजी कॅलिफोर्नियात थॉमस फायर सुरू झाला. ९ जानेवारी २०१८ च्या पहाटे, आग पूर्ण आटोक्यात आल्याचे जाहीर व्हायला अजून तीन दिवस होते तेव्हा, जळलेल्या डोंगरावर थोडा वेळ अतिशय जोराचा पाऊस झाला आणि चिखल-धोंड्यांचा लोंढा माँटेसिटो गावात शिरला. मृत आणि बेपत्ता मिळून २३ माणसे गेली. कारण मातीत आहे. झुडपे आणि पालापाचोळा जळताना त्यांतले मेणासारखे पदार्थ वाफ होऊन मातीत उतरतात आणि थोड्या खोलीवर थिजतात. त्या थरातून पाणी झिरपत नाही. वर राखेचा भुगा, खाली जणू मेणकापड, आणि पाणी अडवायला ना पान ना गवत. दिवसभरात किती पाऊस पडला यापेक्षा पंधरा मिनिटांत किती कोसळला, यावर सगळे ठरते.

चाचणी कोणालाही जमते. राख बाजूला सारून कोरड्या मातीवर पाण्याचे थेंब टाका आणि मोजा. पाच सेकंदांत मुरले तर ठीक. मोत्यासारखे बसून राहिले तर माती पाणी झिडकारते आहे. चाळीस सेकंदांवर गेले तर जोरात. वरच्या थरात मुरले म्हणून समाधान मानू नका. दोन-तीन सेंटिमीटर खरवडून पुन्हा टाका, पुन्हा खरवडून पुन्हा. थर पोटात असतो.

उपाय म्हणजे मातीवर पेंढा पसरणे. हेक्टरी सव्वादोन टन, म्हणजे शंभर चौरस मीटरला साधारण २२ किलो. वरून पाहताना दहातला सात भाग जमीन झाकलेली दिसावी आणि काड्यांमधून अधूनमधून माती दिसावी. गादीसारखा जाड थर दिला की खालून उगवणारा कोंब गुदमरतो. भाताचा पेंढा मिळाला तर उत्तम, कारण त्यातून येणारे तण पाणथळीतले असते, कोरड्या उतारावर तग धरत नाही. इतर कोणताही पेंढा तणाच्या बियांपासून मुक्त असल्याची खात्री करून घ्यावी. वाऱ्याच्या माथ्यावर पेंढा टिकत नाही, उडून घळीत साचतो आणि मोऱ्या तुंबवतो. तिथे लाकडाच्या लांब चिरफळ्या बऱ्या.

दुसरा उपाय पेंढा किंवा काथ्या भरलेल्या लांब वळकट्या, साधारण वीतभर जाड. त्या उताराला आडव्या, अगदी समपातळीत टाकायच्या. एक मीटर आडवे गेल्यावर एक मीटर चढ असेल तर दर ३ मीटरवर एक ओळ, दोन मीटरला एक मीटर चढ असेल तर ६ मीटरवर, चारला एक असेल तर १२ मीटरवर. आठ सेंटिमीटर खोल चर खणून त्यात वळकटी बसवायची, दर सव्वा मीटरवर खुंटी ठोकायची, वरच्या अंगाला माती दाबून घ्यायची आणि दोन्ही टोके किंचित चढाकडे वळवायची. हे काम दोनच कारणांनी फसते. वळकटी जमिनीला चिकटलेली नसते आणि पाणी खालून वाट काढते. किंवा ती समपातळीत नसते आणि सगळे पाणी एका टोकाला नेऊन तिथे नवी ओघळ पाडते. दुसरे फसणे अधिक वाईट, कारण न केलेल्या कामापेक्षा केलेल्या कामाने नुकसान होते. वळकटीची जाळी ताग किंवा काथ्याची असावी. प्लास्टिकच्या जाळीत साप आणि सरडे अडकून मरतात.

समपातळी डोळ्यांनी ठरवू नये. दोन मीटर लांबीच्या दोन काठ्या वर बांधा, खाली फाकवा, मध्ये आडवी काठी बांधा आणि शेंड्यापासून दगड बांधलेली दोरी सोडा. हा ए-फ्रेम. जमिनीवर उभा करून दोरी आडव्या काठीला जिथे छेदते तिथे खूण करा. मग दोन्ही पायांची अदलाबदल करून, नेमक्या त्याच दोन जागांवर उभा करून दुसरी खूण करा. दोन खुणांच्या मधोमध तिसरी खूण, ती समपातळीची. दोरी तिच्यावर येईल असे एकेक पाऊल टाकत गेले की रेषा आखली जाते. वाऱ्याच्या दिवशी दोरी हलते. दगड जड घ्या.

हे सगळे उपाय माती जागेवर धरतात. धोंड्यांचा लोंढा यांनी अडत नाही आणि वाळूच्या पिशव्यांनीही अडत नाही. पिशव्या (अर्ध्या ते दोन-तृतीयांश भरलेल्या, विटांसारख्या सांधेमोड रचलेल्या) गढूळ पाणी दारापासून वळवायला आहेत, धरण बांधायला नव्हेत. घळीच्या तोंडाशी राहणाऱ्यांना पावसाचा इशारा आला की निघायचेच आहे. पहिली दोन वर्षे धोका सर्वाधिक. स्वयंसेवकांनी कुठली वृद्ध व्यक्ती कोणाच्या गाडीतून जाणार याची यादी आधीच केली तर ती शंभर पिशव्यांपेक्षा जास्त उपयोगी.

वृक्षारोपणाबद्दल मात्र सबुरी. आग विझून महिना होत नाही तोच रोपे घेऊन ट्रक निघतात आणि फोटो निघतात. जळकी दिसणारी कित्येक झाडे मुळांतून, खोडातून पुन्हा फुटतात. जमिनीतले बी उगवते. निदान एक वाढीचा हंगाम थांबून, जिथे काहीच उगवले नाही तिथेच लावावे, आणि बी त्याच भागातले, तशाच उंचीवरचे असावे. भराभर वाढणाऱ्या परक्या गवताचे बी फेकणे तर टाळावेच : पहिल्या पावसाआधी ते धूप थांबवण्याइतके दाट क्वचितच होते आणि नंतर वाळून जळण होते. लहायनाच्या आगीला पडीक मळ्यांवर माजलेल्या परक्या गवताने बळ दिले होते. जळक्या जंगलात शिरणाऱ्यांनी आणखी एक जाणावे. वारा नसतानाही झाड कोसळते, कारण मुळे आत जळलेली असतात. आणि बुंधा जळून गेलेल्या जागी राखेने झाकलेला, आत धगधगता खड्डा असू शकतो. पाय आत गेला की भाजतो.

शेतकऱ्यांसाठी कुंपण. जनावरे वाचली तरी ती कोंडायला जागा नसते. ऑस्ट्रेलियात २००९ च्या त्याच वणव्यांनंतर ब्लेझएड ही संस्था उभी राहिली आणि तिने मुख्यत्वे एकच काम धरले : जळालेली कुंपणे काढणे आणि नवी घालणे. एकच काम धरल्यामुळे हत्यारे, तंत्र आणि शिस्त जमली. जळालेली तार सरळ दिसली तरी परत वापरू नये. जस्ताचा लेप उडालेला असतो, काही महिन्यांत ती गंजून तुटते. जळक्या खांबांभोवतीची राख वर सांगितलेल्या आर्सेनिकची असू शकते, म्हणून गुरे आत सोडण्याआधी ती उचलावी.

कागदपत्रांचे काम कोणाला मदत वाटत नाही, पण विम्याचे पैसे त्यावरच ठरतात. घर जळालेल्या माणसाला घरातल्या वस्तूंची यादी करायला सांगतात आणि तो «सोफा, टीव्ही, कपडे» लिहून थांबतो. शेजारी बसून खोली-खोलीने, खण-खणाने विचारत जावे : या ड्रॉवरमध्ये काय होते, पंख्याचे वर्ष कोणते, नवा घ्यायचा तर किती. नातेवाइकांच्या मोबाइलमधल्या वाढदिवसाच्या फोटोंत मागची भिंत, कपाट, पडदे दिसतात. बँकेच्या पासबुकात खरेदी दिसते. एका बैठकीत दोन तासांपेक्षा जास्त बसू नये, माणूस खचतो. «पूर्ण व अंतिम» लिहिलेल्या कागदावर यादी पुरी होईपर्यंत सही करू देऊ नये. आणि दारोदार फिरणाऱ्या ठेकेदाराला आगाऊ सगळी रक्कम देऊ देऊ नये.

ज्यांचे घर वाचले ते विसरले जातात. ३० डिसेंबर २०२१ च्या कोलोराडोतल्या मार्शल फायरमध्ये १,०८४ घरे जळाली. त्यांच्या मधोमध उभी राहिलेली घरे आतून धुरकटलेली होती. त्या लोकांना ना मदतीची यादी लागू, ना घरात श्वास घेता येत. चौकोनी पंख्याला एमईआरव्ही-१३ दर्जाचे (धुरातले बारीक कण अडवणारे) चार फिल्टर खोक्यासारखे चिकटवून केलेला हवाशोधक तासाभरात तयार होतो. छिद्रे टेपने बंद केली तरच तो काम करतो, नाहीतर हवा फटीतून पळते.

मनाच्या दुखण्याला काळ लागतो. व्हिक्टोरियातल्या वणव्यांनंतर मेलबर्न विद्यापीठाने दीर्घ पाहणी केली. सर्वाधिक होरपळलेल्या गावांत पाच वर्षांनंतरही साधारण पाचातल्या एका माणसाला गंभीर मानसिक त्रास होता. पॅराडाइजमध्ये आगीपूर्वी २६,००० च्या आसपास माणसे होती. २०२० च्या जनगणनेत ४,७६४. गावच विखुरले की समुपदेशक कोणत्या चौकात बसणार? जुन्या शेजाऱ्यांना महिन्यातून एकदा एका जागी आणणाऱ्या बसचे भाडे, भजनी मंडळ असो की फुटबॉलचा संघ, तो टिकवण्याचा खर्च, हेही मदतीच्या खात्यात धरावे.

संपादक महाराज, आपल्याकडे एकच विनंती. वणव्याच्या मदतीचे आवाहन एकदा छापून थांबू नका. तेच चार वेळा छापा, दर वेळी वेगळ्या यादीसह. पहिल्या आठवड्यात : रोख रक्कम, मास्क, चाळण्या, टँकर. पावसाळ्याच्या सहा आठवडे आधी : पेंढा, वळकट्या, खुंट्या आणि हात. सहा महिन्यांनी : माती तपासणी, कुंपणाची तार, यादी लिहायला बसणारी माणसे. चौथे आवाहन घरभाड्याचे; त्याची तारीख मात्र वर्षपूर्ती पाहून ठरवू नका. विम्यातून मिळणारे घरभाडे ठरावीक महिन्यांनी बंद होते आणि घरे तोवर बांधून झालेली नसतात. तिथल्या लोकांना तो महिना विचारून घ्या आणि त्याच्या आधीच्या महिन्यात छापा.

आपला,
आपत्तीनंतरच्या पुनर्वसनाच्या कामातला एक वाचक